बारीक सुईची कंदुरी

माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं ते ती कॅन्सरची नाही असं ठरल्यावर. त्याआधी तिला नावच नव्हतं. नवरा 'ते' म्हणायचा, सासूबाई 'तसलं' म्हणायच्या आणि दीर तर विषय निघाला की उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचे. त्या दिवसांत आमच्या म्हशीनं जन्मात प्यायलं नसेल इतकं पाणी पिऊन घेतलं. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते, फळ्यावर माणसाच्या शरीराच्या आकृत्या काढते, आणि तरी डॉक्टरांपुढं मीही 'छातीच्या बाजूला' असंच म्हणाले. दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी हे सांगितलेलं बरं.

गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. काखेच्या बाजूला, हरभऱ्याच्या घाट्याएवढी, टणक आणि न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही असं आमच्याकडं सगळेच मानतात, मीही मानलं आणि अकरा दिवस गप्प बसले. मग नवऱ्याला सांगितलं. त्यांनी धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायला लावलं, कारण त्यांच्या मते माणसाला जे काही होतं ते उष्णतेनं होतं, सर्दीसुद्धा. चार दिवस ते पाणी पिऊन झाल्यावर आम्ही ताडकळसच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नर्सला शेजारी उभं करून गाठ चाचपली, चेहरा गंभीर केला आणि चिठ्ठी लिहून दिली. परभणीला जाऊन सुईनं गाठ तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन माझ्याकडं परत या, असं सांगितलं. 'परत या' हे ते दोनदा म्हणाले.

सुईचं नाव ऐकलं आणि सासूबाईंनी हातातली लसूण खाली ठेवली.

“गाठीला सुई लावू देऊ नगंस बाई,” त्या म्हणाल्या. “निजलेली अस्ती ती. सुई लावली की पसरती. पालमच्या माझ्या भाचीचं ठाव न्हाई का तुला? सुई टोचली अन् सा म्हैन्यात गेली.”

ही पालमची भाची आमच्या सगळ्या पाहुण्यांत प्रसिद्ध आहे. मी नंतर चौकशी केली. तिनं दोन वर्षं गाठीवर हळद-चुन्याचा लेप लावला होता आणि गाठ फुटून वाहायला लागल्यावर ती डॉक्टरकडं गेली होती. ती दोन वर्षं कोणाच्याही लक्षात नाहीत, सुई मात्र लहानथोरांना तोंडपाठ आहे. सासूबाईंना मला अडवता आलं नाही, तेव्हा त्यांनी दुसरा बंदोबस्त केला. गावाबाहेरच्या पिराला नवस बोलल्या की, रिपोर्ट चांगला आला तर कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे बकरं कापून पिराला नैवेद्य दाखवायचा आणि गावजेवण घालायचं. आमच्या भागात हिंदू घरंही पिराला ती बोलतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

परभणीच्या लॅबमध्ये सुई लावली तेव्हा नवरा बाहेर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होता. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या त्या वर्षीच्या सगळ्या संकष्ट्या पाठ झाल्या होत्या. सुई अगदी बारीक होती, इंजेक्शनची असते तशी. दोन-तीनदा आत-बाहेर केली, आलं तेवढं काचेच्या पट्टीवर पसरलं आणि जा म्हणाले. इतक्या दिवसांची भीती पाच मिनिटांत उरकली याचं मला थोडं वाईटच वाटलं.

रिपोर्ट आम्ही परभणीच्या बसस्टँडवर उघडला. आमच्या घराण्यात इंग्रजी वाचायचा मान नवऱ्याचा. ते पंचायत समितीत कारकून आहेत आणि शासनाचे कागद वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांची पद्धत अशी की, आपल्याला काय मिळणार ते ज्या ओळीत असेल तिथवर नजर पळवायची. तिच्या वरचं सगळं 'संदर्भ' आणि खालचं सगळं 'अटी व शर्ती'. त्या कागदावर तीन ओळी होत्या. त्यांनी मधली वाचली. तपासलेल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.

आणि ते रडले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, तेही उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी, भर दुपारी, गंगाखेडच्या गाडीला उभ्या असलेल्या माणसांसमोर. मीही रडले. मग आम्ही दोघांनी दोन-दोन ग्लास रस प्यायला. त्या आनंदाला मी आजही खोटं म्हणणार नाही. कागद त्यांच्या हातात होता, मी हात पुढं करून मागितला असता तर त्यांनी दिला असता. मी मागितला नाही.

ताडकळसच्या डॉक्टरांकडं परत कोणी गेलं नाही. रिपोर्ट चांगला आल्यावर डॉक्टरकडं जाऊन त्यांचा वेळ कशाला घ्यायचा, असा विचार करण्याइतकी आमची माणसं भली आहेत.

कंदुरी झाली ती पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारी. पिराच्या लिंबाखाली चुली पेटल्या. पालमपासून गंगाखेडपर्यंतचे पाहुणे मोटारसायकलींवर आले. मटण पुरुषांनी शिजवलं, भाकरी बायकांनी केल्या, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई परातीपुढं बसून सकाळपासून दुपारपर्यंत भाकरी थापत होती. दर थापेला गाठ काखेकडं रुतत होती. मी कोणाला बोलले नाही. गाठीचं काही नाही म्हणून दोनशे माणसं पंगतीला बसली होती, त्यांच्या ताटात मी गाठ कशी वाढणार? त्या दिवशी मात्र सगळ्यांची जीभ मोकळी झाली. ज्यांनी महिनाभर माझ्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं होतं ते चुलत सासरे रस्सा ओरपत चार पंगतींना ऐकू जाईल असं सांगत होते की सूनबाईच्या गाठीत काय बी निघालं न्हाई. बायकांनी मला एकेक करून दर्ग्याच्या भिंतीमागं नेलं आणि न विचारता चाचपून पाहिलं. साधीच हाय, असं सगळ्यांचं एकमत झालं. पिराला मी बोल लावत नाही. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, परस्पर आभार मानून आणि जेवून सगळे मोकळे झाले होते.

रिपोर्टचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नवऱ्यानं तो त्याच दिवशी स्टँडबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतला. सातबारा, जातीचा दाखला आणि माझा रिपोर्ट, एवढेच कागद आमच्या घरात लॅमिनेट आहेत. सासूबाईंनी तो देवघरात उभा ठेवला आणि रोज पूजेच्या वेळी त्याच्या वरच्या बाजूला गंधाचं बोट लावायला सुरुवात केली.

कंदुरी होऊन तीन आठवडे झाले तरी गाठ जागची हलली नव्हती. उलट हाताला थोडी मोठी लागत होती. एका रविवारी मी देवघर पुसायला घेतलं आणि तो रिपोर्ट हातात आला. गंधाचं बोट नेमकं पहिल्या ओळीवर उमटलं होतं. ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि मी पहिल्यांदा तो कागद वाचला. पहिली ओळ म्हणत होती की सुईत आलेल्या पेशी फार थोड्या आहेत, नमुना पुरेसा नाही. तिसरी ओळ म्हणत होती की गाठ संशयास्पद वाटत असेल तर जाड सुईनं तुकडा काढून तपासावा. लॅबनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आम्हाला फारसं काही सापडलं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं होतं आणि आम्ही त्यावर बकरं कापलं होतं. मी वर्षानुवर्षं सातवीच्या वर्गाला सांगत आलेय की प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. फडकं हातात धरून मी तिथंच खाली बसले.

घरी मी प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं. आम्हा शिक्षकांना सरकारनं एवढी प्रशिक्षणं दिली आहेत की कधीही, कुठंही जायचं असलं तरी हा एक शब्द पुरतो. परभणीत स्तनाच्या आजारांचं बघणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी हातानं तपासलं, मशीनमध्ये दाबून फोटो काढायला लावले आणि लॅमिनेट केलेला रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. तो लॅमिनेट का केला हे त्यांनी विचारलं नाही, बहुतेक सवय असावी.

“हाताला ही गाठ बरी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “फोटोतही बरी दिसत नाही. आणि सुई म्हणते काही नाही. तिघांचं जुळत नसलं की मी सुईचं ऐकत नाही.”

“पण सुईनं तर आत जाऊन पाहिलंय.”

“बारीक सुई थोड्या सुट्या पेशी ओढून आणते. जरा बाजूला गेली किंवा गाठ कडक असली तर तिच्या हाती काही लागत नाही. ती 'आहे' म्हणाली तर ते बहुतेक खरं असतं. 'नाही' म्हणाली तर आधी हे बघायचं की ती नीट पोचली होती का.”

जाड सुईनं शेवयांसारखे बारीक तुकडे निघतात, ते सोनोग्राफीत बघून गाठीच्या चार-पाच ठिकाणांहून घेतात आणि ती तपासणी फार क्वचित चुकते, असं त्यांनी सांगितलं. चुकतच नाही असं मी म्हणणार नाही, त्याचंही बाकीच्यांशी जुळलं नाही तर पुन्हा करू, असंही म्हणाल्या. मला ते आवडलं. आमच्या घरात कोणी आपलं चुकू शकतं असं आधीच सांगून ठेवत नाही. उठता उठता मी खाली मान घालून विचारलं, “सुईनं गाठ पसरते का हो?” विज्ञानाची शिक्षिका असून विचारलं. त्या हसल्या नाहीत. “नाही,” त्या म्हणाल्या, “वाट बघण्यानं वाढते.”

घरी मी सगळं खरं सांगितलं आणि पुन्हा तपासायचं म्हणाले, तेव्हा आधी कोणाला वाटलं माझी मस्करी चाललीय. मग सासूबाईंचा आवाज चढला.

“कंदुरी झालीया. गाव जेवून गेलंय. आता परत तपासायचं म्हंजी पिराला खोटं पाडायचं. कामून असं करायलीस बाई?”

नवऱ्यानं देवघरातला रिपोर्ट आणून माझ्यासमोर धरला. “अगं, छापील कागद हाय. स्पष्ट लिहिलंय. आन् उद्या काही निघालं तर पाहुण्यांना काय सांगायचं?”

“त्यांनी खाल्लेलं परत मागायचं,” मी म्हणाले. माझा तोल गेला होता. माझ्या जिवापेक्षा पाहुण्यांची ढेकर मोठी आहे का, असंही विचारलं. बरंच काही बोलले, त्यातलं अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही.

दीर तोवर म्हशीकडं जायला उठले होते. त्यांना मी दारातच थांबवलं. आमची शेती तेच बघतात आणि वरच्या तुकड्यात त्यांनी पाच बोर मारले आहेत. दर वेळी तळहातावर नारळ उभा करून पाण्याची जागा दाखवणारा माणूस आणायचा, नारळ फिरला की तिथं पॉइंट काढायचा आणि मशीन लावायचं.

“भाऊजी, पहिला बोर मारला तेव्हा काय लागलं?”

“फुफाटा,” ते म्हणाले. “तीनशे फूट गेलो. निव्वळ फुफाटा.”

“मग शेतात पाणी नाही असं ठरवून तुम्ही गावजेवण का नाही घातलं?”

दिरांनी चपलेत घातलेला पाय बाहेर काढला. घरात सगळे त्यांच्याकडं बघत होते.

“पाचव्याला लागलं,” ते शेवटी म्हणाले. “पह्यल्यापसून धा हात बी दूर न्हाई.” मग थोरल्या भावाकडं वळून, “दादा, वैनी म्हनायल्यात ते बराबर हाय. पॉइंट चुकला असंल. दुसरा मारावा लागतोय.”

डॉक्टरबाईंनी अर्धा तास खर्चून जे मला समजावलं ते आमच्या घराला एका वाक्यात पटलं. सासूबाईंना पटलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि लॅमिनेट केलेला रिपोर्ट आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवला.

जाड सुईच्या दिवशी दोघे भाऊ सोबत आले. पहिल्या सुईला तोवर नऊ आठवडे झाले होते. दीर आता या विषयातले जाणकार झाल्यामुळं पडद्याबाहेरून त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, “म्याडम, किती खोल जायचं?” दोन सेंटिमीटर, असं उत्तर आल्यावर त्यांची निराशा झाली असणार. आत मला बधिर करायचं इंजेक्शन दिलं, बाजूच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ काळ्या ढेकळासारखी दिसत होती आणि सुई तिच्यात शिरताना दिसत होती. टक असा आवाज झाला, पाच वेळा झाला. पांढुरके धागे औषधाच्या बाटलीत टाकले. बाटली पलीकडच्या गल्लीतल्या लॅबमध्ये नेऊन द्यायची होती. ती दिरांनी मागून घेतली आणि दोन्ही हातांत धरून, ऑटो न करता, चालत नेली. हादरा बसू नये म्हणून, असं नंतर कळलं. या माणसाविषयी मी आयुष्यभर थट्टेनं बोलत आले आहे आणि पुढंही बोलेन, पण ते चालणं मी विसरणार नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. तो मी नवऱ्याच्या हातात दिलाच नाही. डॉक्टरबाईंच्या खोलीत बसून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्यानं वाचला. कॅन्सर होता.

नांदेडला ऑपरेशन झालं. काखेतल्या एका गाठीतही तो पोचलेला निघाला. त्या नऊ आठवड्यांत पोचला का, असं मी परभणीच्या डॉक्टरबाईंना विचारलं. सांगता येत नाही, आधीच गेला असेल किंवा नंतर, असं त्या म्हणाल्या. मग केमो सुरू झाली, केस गेले, जिभेची चव गेली, आणि मला बघायला तेच पाहुणे त्याच मोटारसायकलींवर परत आले. त्यांनी आल्या आल्या निकाल लावला.

“पह्यली सुई बारीक व्हती. तवा काय बी नव्हतं, कागद हाय घरात. दुसरी जाड सुई लावली अन् झालं.”

हा युक्तिवाद मी पडल्या पडल्या बऱ्याचदा ऐकला आणि त्याला मनापासून दाद दिली. त्यात पीर सुटतो, कंदुरी सुटते, सासूबाई सुटतात, लॅमिनेट केलेला कागद सुटतो आणि कागद वाचणारा सुटतो. फक्त जाड सुई अडकते आणि ती लावून घ्यायचा हट्ट धरणारी मी. नवरा असं कधी म्हणाला नाही. पण कोणी म्हणालं की पेपर जरा वर धरायचा आणि वाचत राहायचा. केस गेल्याचं मला वाईट वाटलं तेवढा, किंवा जास्तच, मला त्या पेपरचा राग आला. त्यांनी माझ्यासाठी सगळं केलं, रात्रीचा दिवस केला, बादल्या उचलल्या. पण ते वाक्य कधी खोडलं नाही. मी चार-चार दिवस त्यांच्याशी अबोला धरायचे आणि ते सगळं समजत असूनही का म्हणून विचारायचे.

एका रविवारी दुपारी आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई भेटायला आली. चाळिशीची असेल, दोन मुली पदरात. पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून दिल्या, शाळेच्या गप्पा सांगितल्या, आणि मग पदराचं टोक पिळत म्हणाली की तिलाही उजव्या बाजूला एक लागतेय. ताडकळसच्या डॉक्टरांनी सुई लिहून दिलीय.

“पर म्या न्हाई लावनार,” ती म्हणाली. “तुमचं बगितलंय की. धडधाकट व्हतात तुमी म्याडम. जाड सुई लावली अन् हे असं झालं. तुमच्याच घरातले सांगायलेत.”

मी उठून बसले आणि समजावू लागले. पहिल्यापासून होतं, पहिल्या सुईला सापडलं नव्हतं, असं सगळं नीट क्रमानं सांगितलं. ती माझ्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडं बघत होती. शिकवण्यात माझा एवढा पराभव कधी झाला नव्हता. सव्वीस वर्षांचं विज्ञान त्या रुमालापुढं काही कामाचं नव्हतं आणि ही बाई त्यापायी मरणार आहे, हे मला समोर दिसत होतं.

खिडकीशी नवऱ्यानं पेपरची घडी केली. चारचौघांत ते ऑफिसची शुद्ध भाषा बोलतात. त्या दिवशी ती बाजूला ठेवली.

“बाई, सुईनं न्हाई झालं,” ते म्हणाले. “पह्यल्यापसून व्हतं. बारीक सुईला पुरतं गावलं न्हाई, अन् तसं त्या कागदावर लिव्हलं बी व्हतं. वरल्या ओळीत. म्या ती वाचली न्हाई.”

“आरं, कायतरीच काय बोलतूस,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

“खरं हाय माय. म्या मधलीच ओळ वाचली. जेवन बी मीच घातलं. नऊ आठवडे गेले त्यात.”

खिचडीवाली बाई त्यांच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली.

“मंग सायेब,” तिनं विचारलं, “समदा वाचला असता तर म्याडमला हे समदं भोगावं लागलं नसतं का?”

त्यांनी पेपरची घडी आणखी एकदा घातली.

“ठाव न्हाई,” ते म्हणाले. “डॉक्टरालाबी सांगता येत न्हाई. जन्मभर ठाव व्हनार न्हाई मला. म्हणून तुमी उद्याच जावा.”

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला रडू फुटलं असतं, आणि त्या बाईनं तेही जाड सुईच्या खात्यावर टाकलं असतं. म्हणून शेंगांच्या पिशवीकडं बघत मी तिला सकाळच्या परभणी गाडीची वेळ सांगितली.